जिथे सोडाल तिथे थांबणारी खिडकी

मी चाळीस वर्षं खिडक्या विकल्या. खिडकी विकायची म्हणजे नुसतं लाकूड आणि काच देऊन भागत नाही, वर एक गोष्ट द्यावी लागते. एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं होतं, आमच्या खिडकीतून वारा एकदा आत आला की बाहेर जायला मागत नाही, शेवटी पाहुण्यासारखं त्याला दारापर्यंत सोडायला जावं लागतं. दुसऱ्या एकाला खिडकी विकली तेव्हा त्याच्याकडे भिंतच नव्हती. त्याने आधी खिडकी उभी केली आणि मग तिच्याभोवती घर बांधलं. यातलं किती खरं ते विचारू नका. गल्लीत मला थापेश्वर म्हणतात आणि मी त्या नावाला ओ देतो.

पण माझा एक नियम होता. थापा गोष्टीत, मापात नाही. बाकी काहीही सांगेन, पण पल्ला म्हणजे झडप किती इंच म्हटलं की जेवढा असेल तेवढाच सांगणार. माझ्या घरच्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर माझ्या बाकीच्या बाता ते हसून सोडून द्यायचे.

हा नियम मी एकदा मोडला. त्यात माझ्या पुतणीचा माझ्यावरचा विश्वास पणाला लागला. काय झालं ते जसंच्या तसं सांगणार आहे. सवय नाही, त्यामुळे मध्येच कुठे फार रंगत यायला लागली तर सावध व्हा.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. आता ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते, तिथे पेन्सिली राहिल्या नाहीत, म्हणून चष्म्याची दांडी कुरतडते. धाकट्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती दर रविवारी माझ्याकडे येते, माझ्या गोळ्यांचा डबा तपासते आणि निघताना म्हणते, "काका, कमी बोला, दम लागतो."

त्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. गोळ्यांचा डबा बाजूला सारून तो टेबलावर उघडला आणि म्हणाली, "तुमची खिडकी हवी."

"कुठली? मी हजारांनी विकल्यात."

"ही."

तिने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. माझ्या खोलीत एकच खिडकी आहे. एका पल्ल्याची, सागवानी, कडेला तीन चकचकीत पितळी बिजागऱ्या. दिसायला साधी. पण बाकी खिडक्यांचा पल्ला उघडा ठेवायचा तर खाली अडणी लावावी लागते, हूक अडकवावा लागतो, नाहीतर वाऱ्याने आपटतो. या खिडकीला अडणी नाही. पल्ला अर्धा उघडून सोडा, अर्धाच राहील. बोटभर उघडा, बोटभर राहील. आणि हात लावाल तर इतका हलका की दोन बोटं पुरतात. आमच्या कारखान्याने अशा साठेक खिडक्या केल्या असतील. मग अॅल्युमिनियम आलं, कारखाना बंद पडला, घरं पाडली गेली. माझ्या माहितीत ही एकच उरली.

तिच्या ऑफिसला एका टेकडीवर वाचनालय बांधायचं होतं. तिथे वारा फार, आणि वाचनालयात खिडकी आपटून कसं चालेल? एकशे बारा खिडक्या, मापं सगळी निरनिराळी. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एकच खिडकी अशी रचायची की रुंदीचा आकडा बदलला, उंचीचा बदलला, पल्ला किती उघडा ते बदललं, तरी बाकी सगळं आपापलं जुळून यावं. ऑफिसातल्या मोठ्या मॅडमनी खारूताईला सांगितलं होतं, तुझ्या काकांची ती खिडकी जमत असेल तर करून दाखव. नाहीतर कॅटलॉगमधली अडणीवाली घेऊ.

"आधी लाकूड नाही काढायचं," तिने मला शिकवायला घेतलं, "आधी नुसत्या रेषा. चौकटीच्या चार, आणि एक पल्ला ज्याच्याभोवती फिरतो ती. मग पल्ला त्या रेषेला बांधून टाकायचा. रेषा फिरली की पल्ला फिरला."

"आणि पल्ला मिटला की?"

"शून्य अंश दिला की याचा गोंधळ उडतो. दोन रेषा एकावर एक आल्या की कुठली कुणाची ते याला कळत नाही. म्हणून अर्धा अंश ठेवते."

"म्हणजे तुझी खिडकी कधी पुरती बंदच होत नाही."

"दिसते बंद. आतून थोडी उघडी असते."

"आमच्या शेजारणीच्या दारासारखी."

ती हसली नाही, कारण पट्टी घेऊन चौकट मोजत होती. रुंदी, उंची, जाडी, काचेची खोबण, सगळं तिने स्वतः घेतलं. मग पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "आता बाहेरून न दिसणारं. पल्ला नेमका कुठल्या रेषेभोवती फिरतो?"

"बिजागऱ्या कुठे आहेत? कडेला. तीच रेषा."

"अगदी कडेला? थोडी आत वगैरे नाही?"

इथे मी थांबायला हवं होतं. मला माहीत नव्हतं. पण ती पुतणी, मी काका, आणि ती खिडकी जगाच्या लेखी माझी. मी म्हणालो, "अगदी कडेला. सूतभरही आत नाही."

"आणि थांबतो कशाने?"

"बिजागरीच्या पकडीने. ते पितळ वेगळं होतं, आता मिळत नाही."

तिने ते लिहून घेतलं. माझं माप तिने कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, त्या दिवशीही विचारलं नाही. रेषा कडेला टाकली, पल्ला तिला बांधला आणि अंशांच्या जागी तीस लिहिलं. पडद्यावरचा पल्ला तीस अंशांत उघडला. साठ, नव्वद. रुंदी वाढवली, कमी केली, पल्ला निमूट जुळत गेला. मी बघतच राहिलो. मी तोंडाला येईल ते सांगितलं होतं आणि ते चालत होतं. पडद्यावर खोटं चालतं, फक्त ते बाकीच्या खोट्याशी जुळलेलं हवं. हा तर जन्मभर माझाच धंदा.

"आता मांजराच्या कानाची गोष्ट पुन्हा सांगा," ती म्हणाली. "ऑफिसात सांगायचीय."

घरात सगळ्यांना पाठ असलेली ही गोष्ट. कारखान्यात भुशाच्या ढिगावर मांजर झोपलेलं, झोपेतच त्याने आवाजाच्या दिशेला एक कान वळवला, आणि कान वळला तिथेच थांबला. ना सुटला, ना मागे आला. मी हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणालो, आपली खिडकी अशी हवी.

मी ती पुन्हा सांगितली. मन लावून.

आमच्या कारखान्यात मांजर कधीच नव्हतं. धाकट्याला मांजराच्या केसांनी शिंका यायच्या. आणि ती खिडकी मी केलेली नव्हती. धाकट्याने केली. डोकं त्याचं, हात त्याचे. मी रंधा हातात धरायचो तो गिऱ्हाईक येताना दिसलं की.

झालं होतं असं. पहिली खिडकी तयार झाली आणि एक मोठा बिल्डर कारखान्यात आला. पल्ला दहादा उघडला, मिटला आणि विचारलं, "हे डोकं कुणाचं?" मी म्हणालो, "आपलंच." आता 'आपलंच' म्हणजे दोघांचंही होतं, नाही असं नाही. पण त्याने माझ्याच पाठीवर थाप मारली. धाकटा मागे पल्ला धरून उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मग शर्टाच्या बाहीने काच पुसायला लागला. पुढच्या गिऱ्हाइकाला मी 'माझं' म्हणालो. तिसऱ्याच्या वेळी मांजर आलं.

धाकट्याने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी म्हणाला ते एवढंच, "दादा, उद्या लाकूड बघायला जायचंय, लवकर उठ." त्याने माझ्याशी बोलणं टाकलं असतं ना, तर चार दिवसांत मी कबूल केलं असतं. पण त्याने मला दादा म्हणणं सोडलं नाही, आणि तिथेच पंचाईत झाली.

पुढे कितीदा तोंडाशी आलं, अरे, हा पल्ला थांबतो कशाने रे? पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं. जी वस्तू चारचौघांत मी शोधलेली, तिची किल्ली त्याच्याकडे कशी मागू? त्याच्या शेवटच्या आजारात मी रोज त्याच्या खाटेशी बसायचो. एकदा तो आपणहून म्हणाला, "दादा, तुझ्या खोलीतली ती खिडकी अजून हलकी चालते का रे?" मी म्हणालो, "झकास." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आज वाटतं, तो वाट बघत होता. मी दवाखान्यातल्या पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायला लागलो.

तर खारूताईच्या कॉम्प्युटरमधल्या खिडकीवरून ऑफिसने एका सुतारकामाच्या कारखान्यात नमुना करून घेतला. चित्रं आणि नमुना मिळून महिना गेला. मंगळवारी तिचा फोन आला, "काका, ऑफिसात येता का? गाडी पाठवते."

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. मधल्या मोठ्या टेबलावर खिडकीचा नमुना उभा, समोर उभा पंखा. मॅडम, खारूताई आणि नमुना घेऊन आलेला सुतार. मॅडमनी पंख्याचं बटण दाबलं. पल्ला क्षणभर विचारात पडला आणि मग असा आपटला की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. सुतार म्हणाला, "बिजागऱ्या बाजारातल्या सगळ्यात घट्ट लावल्यात. याहून घट्ट केल्या तर उघडायला पैलवान ठेवावा लागेल."

मॅडम मला म्हणाल्या, "काका, तुमच्या घरची थांबते, ही थांबत नाही. काहीतरी सांगायचं राहिलंय. गुरुवारी आम्हाला चित्रं पाठवायचीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ आपोआप सुटते, हा जुना आजार आहे. मी म्हणालो, "लाकडाला आधी वाऱ्याची ओळख करून द्यावी लागते. नवा पल्ला आठ दिवस गच्चीवर उभा करायचा. तो वाऱ्याला लाजायचा थांबला की मग चौकटीत घालायचा."

सुतार खो खो हसला. मॅडमसुद्धा हसल्या. खारूताई हसली नाही. तिने चष्म्याची दांडी तोंडातून काढली आणि काळजीने म्हणाली, "आठ दिवस? गुरुवारी द्यायचंय, काका. दोन दिवसांत नाही का होणार?"

तिने ते माप समजून ऐकलं होतं.

मी म्हणालो, "खाली चल जरा." दोन जिने उतरलो आणि गुडघे बोलायला लागले, म्हणून पायरीवरच बसलो. तीही शेजारी बसली.

"खारूताई, ती खिडकी मी केलेली नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या बापाने केली. मी विकली. ती कशाने थांबते ते मला माहीत नाही."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काका, बाबांची आठवण मलाही येते."

"अगं, खरं सांगतोय. तू तीन महिन्यांची होतीस. तुमच्या खोलीत वारा यायचा. खिडकी आपटली की तू दचकून उठायचीस, मग तासभर रडायचीस. तुझी आई रडकुंडीला यायची. म्हणून त्याने अशी पहिली खिडकी केली. तुला झोप लागावी म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. डोळे ओले झाले होते तिचे, पण ते गोष्ट ऐकताना होतात तसे. "ही मांजराच्या कानाहून छान आहे," ती म्हणाली. "पण बाबा कधी एका शब्दाने बोलले नाहीत ते?"

"म्हणून तर."

"आणि आई?"

आयुष्यात पहिल्यांदा अशी वेळ आली होती की मी खरं बोलत होतो आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. खोट्याला पुरावा लागत नाही, ते रंगवलं की उभं राहतं.

"ऑफिसात नाही सांगणार मी, तुमचं गुपित असेल तर," तिने समजूत काढली. "पण मला गोष्ट नको, माप द्या."

"घरी चल," मी म्हणालो. "खोलून बघू."

घरी आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर काढला. तो कुठल्या कप्प्यात आहे ते शोधायलाच मला वेळ लागला, पण तेही तिला खटकलं नाही. तिच्या लेखी मी कारागीर होतो. कारागिराच्या विसरण्यालासुद्धा लोक मान देतात.

"तू पल्ला धर," मी म्हणालो. "शेवटचा स्क्रू निघाला की अंगावर येईल. काच जड आहे."

तिने पल्ल्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली. खाचांत रंग बसला होता, तो खरवडावा लागला. वरची बिजागरी पल्ल्यावरून सुटली. मधली सुटली. खालच्या बिजागरीचा शेवटचा स्क्रू उरला, तेव्हा मी म्हणालो, "घट्ट धर हां." तिने पाय रोवले. मी स्क्रू काढला. बिजागरी मोकळी झाली.

पल्ला हलला नाही.

तिने थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग एक हात सोडला. मग दुसरा. पल्ला जागच्या जागी उभा. तिने एका बोटाने तो ढकलला. तो अर्धा उघडला, हलका, बिनआवाजाचा, आणि अर्ध्यावर थांबला.

मी हातातल्या बिजागरीकडे बघितलं. तिच्या दोन पानांना जोडणारी पिनच त्यात नव्हती. एक पान पल्ल्यावर, एक चौकटीवर, मधे नुसते पोकळ डोळे एकमेकांना टेकलेले. आणि मला आठवलं. मीच धाकट्याला म्हणालो होतो, "अरे, बिजागऱ्या दिसत नाहीत, गिऱ्हाईक घाबरतं. छान पितळी लाव की तीन." त्याने लावल्या. गिऱ्हाइकांसाठी लावल्या. त्यांच्यातलं कोण फसलं मला माहीत नाही. मी इतकी वर्षं त्यांना तेल घालत होतो.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं," खारूताई म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. नमुना तपासताना मॅडम बघत होत्या तसं होतं ते बघणं.

मग तिने पल्ला दोन्ही हातांनी बोटभर वर उचलला, खालची कड आपल्याकडे ओढली, आणि अख्खा पल्ला तिच्या हातात आला.

"कसं कळलं तुला?"

"दुसरं काही उरलं नव्हतं."

आत सगळं होतं. पल्ल्याची कड चौकोनी नव्हतीच, गोल तासलेली होती. चौकटीत तेवढीच गोल खोबण, त्या खोबणीत ती कड फिरायची. वर आणि खाली एकेक लोखंडी खुंटी, कडेपासून आत. खालच्या खुंटीखाली चामड्याच्या तीन चकत्या, एकावर एक. पल्ल्याचं वजन त्या चकत्यांवर यायचं आणि त्या त्याला धरून ठेवायच्या. तिने पट्टी लावली.

"कडेपासून बावीस मिलिमीटर," ती म्हणाली. सूतभरही आत नाही, असं मी जिच्याबद्दल सांगितलं होतं ती ही रेषा.

तिने चकत्या तळहातावर घेतल्या. दोन सपाट होत्या. सगळ्यात खालची एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होती.

"ही तिरकी का कापलीय?"

"माहीत नाही."

"जाड बाजू वाऱ्याकडे ठेवायची की उलट?"

"माहीत नाही."

"मुद्दाम कापलीय की झिजलीय?"

"माहीत नाही."

एवढ्या वेळा हे शब्द मी ओळीने कधी बोललो नव्हतो. तिने चकत्या एका कागदात गुंडाळल्या आणि कागदावर पेनाने वर, मधली, खालची असं लिहिलं. मग खाली बघतच विचारलं, "विचारलं असतं तर बाबांनी सांगितलं असतं?"

"लगेच. चित्र काढून."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर खिडकी कुणाची ते कळलं असतं ना."

"कुणाला कळलं असतं, काका? तिथे तुम्ही दोघंच असता."

चाळीस वर्षांत शेकडो गिऱ्हाइकांचे आडवेतिडवे प्रश्न मी परतवले, हा एक अडला.

ती खाली जाऊन आईशी फोनवर बोलून आली. माझी भावजय सगळं जाणून होती. "आई म्हणाली, बाबांनीच तिला बजावलं होतं," खारूताईने सांगितलं. "दादाने विकली नसती तर ती खिडकी कारखान्यात पडून राहिली असती, म्हणाले. बोलायचं नाही, म्हणाले." एवढं सांगून तिने लॅपटॉप उघडला.

मला वाटलं होतं, रेषा बावीस मिलिमीटर आत सरकवली की झालं. ती म्हणाली, नाही. तिने सगळं माझ्या रेषेला बांधलं होतं. पल्ला, काच, खोबण, मूठ, उघडण्याचा कोन, एकेकाची गाठ त्या रेषेशी. ती उपटली तसे पडद्यावर एकामागून एक इशारे यायला लागले, अमुक सुटलं, तमुकला आधार नाही. ती एकेक वाचत होती आणि बंद करत होती. शेवटी तिने ती खिडकीच पुसली आणि रिकाम्या पडद्यावर पहिली रेषा ओढली.

"काही मदत करू?" मी विचारलं.

"पल्ला जागेवर ठेवते, मग तुम्ही पडा जरा," ती म्हणाली.

बुधवारी सुताराने नवा नमुना केला. चामड्याच्या चकत्या त्याने तीनदा कापून बघितल्या, एकदा सपाट, एकदा तिरक्या, एकदा उलट्या तिरक्या. गुरुवारी सकाळी पंखा लावला. पहिल्या वेगाला पल्ला थांबला, दुसऱ्याला थांबला, तिसऱ्याला हळूहळू मिटत गेला. आपटला नाही, मिटला. मॅडम म्हणाल्या, वाचनालयाला एवढं पुरे, हीच घेऊ. खारूताईने मला हे फोनवर सांगितलं. माझ्या खोलीतली खिडकी, आम्ही खोलायच्या आधी, त्याच पंख्याच्या तिसऱ्या वेगाला ढिम्म हलली नसती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्या तिरक्या चकतीचं मर्म धाकट्याबरोबर गेलं. नेमकं सांगायचं तर ते त्याने नेलं नाही, मी त्याला नेऊ दिलं. एकशे बारा खिडक्या थोड्या उण्याच होणार, आणि तो उणेपणा माझा आहे.

रविवारी ती आली. वाटलं होतं, येणार नाही. गोळ्यांचा डबा तपासला, दोन गोळ्या चुकल्या होत्या त्याबद्दल बोलली. मग टेबलावर लॅपटॉप उघडून तिने मला पुरी झालेली खिडकी दाखवली. पितळी बिजागऱ्या त्यात नव्हत्या. ती अंश बदलत गेली, पल्ला फिरत गेला, गोल कड खोबणीतून सरकताना दिसली. सुंदर दिसत होती. मी तसं म्हणालो. ती "हं" म्हणाली.

खिडकीच्या माहितीचे काही रकाने खाली होते. लाकूड, काच, वजन. एका रकान्यात रचनाकार, तिथे तिने धाकट्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं, आडनावासकट. त्याच्यापुढचा रकाना रिकामा होता.

"साल हवंय," ती म्हणाली. "पहिली कधी केली त्याचं."

हे मला माहीत होतं. या एका बाबतीत तरी मला कुणाला विचारण्याची गरज नव्हती. मी म्हणालो, "तुझ्या जन्माचं साल. तू तीन महिन्यांची होतीस."

तिची बोटं आकड्यांवर होती. ती तशीच राहिली. मग तिने बाजूचा फोन उचलला.

"आई, एक मिनिट. बाबांनी ती खिडकी कोणत्या साली केली?" ती ऐकत होती. "नक्की?" मग भिंतीकडे वळून जरा हळू आवाजात, "आणि कशासाठी केली होती गं?"

भावजय बराच वेळ बोलत होती. मला तिचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. मी टेबलाच्या कडेवरचा चहाचा डाग नखाने खरवडत बसलो.

"हो, त्यांच्याकडेच आहे," खारूताई म्हणाली. "हो. तेही तेच म्हणाले होते."

फोन ठेवून तिने साल लिहिलं. चार आकडे, मी सांगितलेलेच.